भाताच्या ताटाला जोड कशाची?

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात धानावरील तुडतुडे, करपा आणि खताच्या मात्रा यांची माहिती आपण ऐकली. आता जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि माझा विषयही जेवणाचाच आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव 'मानवी आहारात वनस्पतिजन्य व प्राणिजन्य पदार्थांचे स्थान' असे छापले आहे. नाव जड असले तरी विषय आपल्या चुलीजवळचा आहे. आपण पिकवतो ते आणि पाळतो ते, यातले आपल्या घरच्या ताटात किती पडते आणि बाजारात किती जाते, एवढाच हा प्रश्न आहे.

हा प्रश्न हलका मात्र नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी होती, आणि १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. हे सगळ्या राज्याचे आकडे झाले. झाडीपट्टीत, आणि विशेषतः धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती अशा दूरच्या तालुक्यांत, अंगणवाडीच्या वजनकाट्याजवळ तासभर उभे राहिले तर आकड्यांची गरज उरत नाही. नवलाची गोष्ट अशी की याच मुलखात धान आहे, तलाव आहेत, जंगल आहे, घरोघरी कोंबड्या आहेत. म्हणजे अन्न नाही असे नाही. मग कमी काय पडते?

आधी भाताचा हिशेब मांडू. रोवणीच्या दिवसात कष्टकरी माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅम तांदूळ सहज खातो. शंभर ग्रॅम तांदळात सात ते आठ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे साडेचारशे ग्रॅममधून ३२ ते ३५ ग्रॅम मिळाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. पुरुषाच्या ताटात वीसेक ग्रॅमचा तुटवडा राहिला. तो भरायला साठ ग्रॅम डाळ आणि एक अंडे पुरे होते, कारण डाळीतून तेरा आणि अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. पण कित्येक घरांत भाताबरोबर मिठाचे पाणी, मिरचीची चटणी किंवा डाळीचे नुसते वरचे पाणी असते. पोट भरते, पण अंगाला लागत नाही.

भाताच्या प्रथिनांत आणखी एक उणीव आहे. ती समजायला बांधीचेच उदाहरण घ्या. बांधीची पाळ चारही बाजूंनी दोन फूट उंच आहे, पण एका ठिकाणी ती खचून वीतभरच उरली आहे. अशा बांधीत पाणी किती साठेल? वीतभरच. बाकीची पाळ कितीही उंच असो, जादा पाणी खचलेल्या जागेतून वाहून जाणार. प्रथिने ही अनेक घटकांची मिळून बनलेली असतात आणि शरीर त्यांचा उपयोग सर्वांत कमी असलेल्या घटकाच्या मापानेच करते. भातात लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मिथिओनिन कमी असते, तर भातात ते पुरेसे असते. म्हणजे दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची खचलेली पाळ दुसरा भरून काढतो. आपल्या आज्यांना ही नावे माहीत नव्हती, पण खिचडी, घुगऱ्या आणि वरण-भात त्यांनीच शिकवला. अंडी, मासे, मांस आणि दूध यांची प्रथिने सर्व बाजूंनी भरलेल्या पाळीसारखी असतात. म्हणून ती थोडी असली तरी भाताचा गुण वाढवतात.

डाळ कोठून आणायची?

आपल्याकडे धान निघाल्यावर बांधी बहुधा मोकळी पडते. पूर्वी ती तशी पडत नसे. उभ्या धानात, कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, ओल असताना जवस, लाखोळी, हरभरा, उडीद फेकून पेरायचे, म्हणजे उतेरा घ्यायचा, ही जुनी रीत आहे. गावची गुरे मोकाट सुटू लागली तशी ही रीत मोडत गेली. गावाने मिळून माघापर्यंत चराईबंदी पाळली तर नांगरट नाही, पाणी नाही आणि तरी घरापुरती डाळ निघते. पाळीवरची तूर तर फुकटचीच समजा. शंभर फूट पाळीवर लावलेली तूर घरातल्या चार माणसांना काही महिने पुरते, असा अनेकांचा अनुभव आहे. धुऱ्यावरची बरबटी आणि कुंपणावरचे पोपट हेही याच खात्यात धरा.

लाखोळीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण या डाळीने लोकांना जगवलेही आहे आणि लुळेही केले आहे. लाखोळीत २६ ते २८ टक्के प्रथिने असतात, म्हणजे तुरीपेक्षाही जास्त. दुष्काळात जेव्हा काहीच पिकत नाही तेव्हाही ती पिकते. परंतु तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. महिनोन्महिने जेवणाचा मोठा भाग लाखोळीचाच असला की पायांतली शक्ती जाते, आणि गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. पूर्वीच्या रेवा भागात सालगड्यांना मजुरीत हीच डाळ मिळे आणि तेथे असे लुळे झालेले लोक गावोगाव दिसत. त्यामुळे १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या भागात लोक ती खातच राहिले, पण इतर धान्याबरोबर आणि थोडी. बंदी उठवावी म्हणून नागपूरहून बरीच वर्षे चळवळ झाली आणि २००८ साली महाराष्ट्र शासनाने राज्यातील बंदी उठवली. पुढे २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषद्रव्याच्या वाणांना अनुकूल मत दिले.

माझे मत विचाराल तर लाखोळी लावायची असेल तर हेच वाण मिळवावेत. घरचे जुने बी असेल तर डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी ओतून द्यावे, पुन्हा जास्त पाण्यात शिजवून तेही पाणी टाकावे. विषद्रव्य पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचा मोठा भाग निघून जातो. आणि तूर, हरभरा, मूग यांच्या जोडीला ती असू द्यावी, एकटीवर विसंबू नये. ज्या घरात दुसरे काहीच नाही त्याच घराला लाखोळी बाधते.

जवसाबद्दल एकच गोष्ट सांगतो. जवसाच्या तेलात ओमेगा-३ या गटातील स्निग्धाम्ल असते. ते हृदयाला हितकारक आहे, पण मेंदूच्या वाढीसाठी जे रूप लागते ते आपले शरीर जवसापासून फार थोडे बनवू शकते. ते तयार रूपात माशांतून मिळते. म्हणजे जवसाची चटणीही हवी आणि मासाही हवा.

पांढऱ्या तांदळाची हौस

एच.एम.टी. तांदूळ आज विदर्भाबाहेरही नावाजलेला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 'पटेल ३' या धानातून वेगळ्या लोंब्या निवडून १९८३ च्या सुमारास हा वाण पुढे आणला. दीड एकराच्या शेतकऱ्याने केलेले हे काम संशोधकाला शोभेल असे होते. ते २०१८ साली वारले. वाणात दोष काही नाही. दोष आहे तो गिरणीत तांदूळ दोनदा-तीनदा पॉलिश करून मोत्यासारखा पांढरा करण्याच्या हौसेत. कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व, लोह आणि तंतू निघून जातात आणि आपण ते गुरांना घालतो. घरच्या खाण्याचा तांदूळ एकदाच पॉलिश करून घ्यावा. उकडा तांदूळ त्याहून चांगला, कारण धान उकडताना जीवनसत्त्वे कोंड्यातून दाण्याच्या आत मुरतात. तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुणे आणि भाताची पेज ओतून देणे या सवयीही सोडाव्यात. पेज प्यायची नसेल तर वरणात घाला.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी हूल बऱ्याच गावांत उठली होती. कित्येक घरांत बायका ते दाणे वेचून टाकताना मी पाहिल्या आहेत. ते प्लास्टिक नसून तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून केलेले दाणे असतात. २०२४ च्या मार्चपर्यंत देशभर रेशनवर असा तांदूळ देण्यास सुरुवात झाली. जी गोष्ट घालण्यासाठी सरकारने पैसा खर्च केला तीच आपण निवडून कोंबड्यांना घातली.

वनस्पतीत जे नाही ते

डाळ-भात, भाजी आणि तेल यांवर माणूस चांगला जगू शकतो, पण एक अडचण राहते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते सूक्ष्म जीव तयार करतात आणि जनावरांच्या मार्फत आपल्यापर्यंत येते. दूध, दही, अंडी, मासे, मांस, आणि सर्वांत अधिक काळजात. ते कमी पडले तर रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो. प्रौढ माणसाची गरज दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी नगण्य वाटेल एवढी आहे. माळकरी घरांनी मांसाहाराची चिंता करू नये. दोन पेले दूध किंवा तेवढे दही-ताक रोज असेल तर ही गरज जवळपास भागते. पण मांसही नाही आणि दूधही डेअरीला गेले, असे घर मात्र खरोखर धोक्यात असते. शाकाहारी म्हणवणाऱ्या पुष्कळ घरांत चहातल्या पळीभर दुधाखेरीज दूध नसते.

आपल्या भागात दुधाची स्थिती वेगळी आहे. गाई लहान, दूध शेर-अर्धा शेर, आणि गाय ठेवायची ती बैलासाठी व शेणासाठी. भामरागडकडच्या माडिया लोकांत गाईचे दूध काढण्याची रीतच नव्हती. ते वासराचे आहे, असा त्यांचा साधा न्याय होता. शिवाय लहानपणापासून दुधाची सवय नसलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांना ते पचतही नाही, पोट फुगते. तेव्हा 'मुलांना दूध द्या' असे पश्चिम महाराष्ट्रातले भाषण येथे जसेच्या तसे करून उपयोग नाही. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना दही-ताक बहुधा सोसते. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांच्यासाठी या मुलखात दोन गोष्टी आहेत: तलावातला मासा आणि अंगणातली कोंबडी.

तलाव आणि लहान मासा

मालगुजारी तलाव हे पूर्व विदर्भाचे वैभव आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी व इतर समाजांनी हे तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर ते 'माजी मालगुजारी' झाले, म्हणजे मामा तलाव. धानाला पाणी आणि ढिवर-केवटांना मासे, अशी दुहेरी सोय त्यांत होती. मरळ, मांगूर, झिंगे आणि बोटभर लांबीचे कितीतरी बारीक मासे यांत आपोआप वाढत.

येथे आमच्या बाजूची एक कबुली द्यायची आहे. मत्स्यशेतीचा प्रसार करताना आम्ही वर्षानुवर्षे असे सांगितले की रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी तलावातील 'निरुपयोगी' मासे मोहाची पेंड टाकून काढून टाका. उत्पादनाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. किलो-दोन किलोचा कटला बाजारात चांगला विकतो. पण तो बाजारातच जातो. बारीक मासा घरात शिजत होता, आणि तोही नाहीसा झाला. बोटभर मासा डोके, डोळे आणि काट्यांसकट खाल्ला जातो. त्यामुळे त्यातून चुना आणि अ-जीवनसत्त्व मोठ्या माशाच्या मांसापेक्षा कितीतरी अधिक मिळते. मोठ्या कटल्याचे काटे आपण फेकतो, म्हणजे चुना फेकतो. ज्यांना आम्ही निरुपयोगी म्हटले ते मासे घरच्या बायका-मुलांच्या कामाचे होते.

दोन्ही एकत्र वाढू शकतात. मत्स्य सहकारी संस्थेने कटला-रोहू जरूर सोडावा, पण सगळा तलाव विष घालून साफ करू नये. मरळीसारखे शिकारी मासे जाळ्याने कमी करावेत. काठाची झुडपे आणि पाणवनस्पती सरसकट उपटू नयेत, कारण देशी मासे तेथेच अंडी घालतात. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात मासे चढतात तेव्हा पंधरा-वीस दिवस मासेमारी बंद ठेवावी. आणि थाई मांगूर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो बाकी सगळे मासे खाऊन टाकतो.

बांधीतला मासा, खेकडा आणि झिंगा हीदेखील आपली जुनी मिळकत. फवारणीने ती संपत आली. फोरेटचे दाणे बांधीत फेकल्यावर मेलेले मासे तरंगताना पुष्कळांनी पाहिले असतील. त्या औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण इतर औषधांच्या बाबतीतही फवारलेल्या बांधीतले मासे-खेकडे खाऊ नयेत. नाल्यात औषध टाकून मासे धरण्याचा प्रकार तर तातडीने थांबवला पाहिजे. ते मासे म्हणजे विषच असते. खेकडा नेहमी पूर्ण शिजवूनच खावा.

अंडी विकून बिस्किटे

काही वर्षांपूर्वी कोरचीकडच्या एका घरी गेलो होतो. घरच्या बाईने अंगणातल्या खुराड्यातून सात अंडी काढून टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. पायरीवर तिचा अडीच वर्षांचा मुलगा बसला होता. पोट पुढे, हातपाय बारीक, केस तांबूस. अंडी विकून काय आणणार असे विचारले तर म्हणाली, तेल, मीठ आणि पोरासाठी बिस्किटाचा पुडा. मी काही बोललो नाही, कारण तेल-मिठाला पैसा दुसरा कोठून येणार हे मलाही सांगता आले नसते. पण बिस्किटाच्या पुड्याच्या बदल्यात त्या मुलाची दोन अंडी गेली, हे मनातून जात नाही.

तेव्हा उपाय असा हवा की विकायलाही उरेल आणि खायलाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा जात परसात वर्षाला शंभर ते एकशे दहा अंडी देते आणि दिसायलाही गावठीसारखी रंगीत असते. दहा कोंबड्या असतील तर वर्षाला हजार अंडी, म्हणजे दिवसाला जवळपास तीन. घरात एक लहान मूल आणि एक गरोदर बाई असेल तर त्यांना रोज एकेक द्या आणि तिसरे विका. वनराजा नीट खुडूक बसत नाही, म्हणून अंडी उबवायला एक-दोन गावठी कोंबड्या ठेवाव्याच लागतात.

पण जात बदलण्यापूर्वी मानमोडीचा बंदोबस्त करा. हा राणीखेत रोग एकदा आला की आठवड्यात सगळ्या गावाच्या कोंबड्या साफ करतो. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बी लस. लस थंड ठेवावी लागते आणि एका कुपीत शंभर कोंबड्यांची मात्रा असते, त्यामुळे एकट्याने आणण्यापेक्षा टोल्यातल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती बर्फावर आणावी. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच करावे, म्हणजे मुंगूस-मांजरापासून बचाव होतो.

शिकारीविषयी कोणी उघड विचारत नाही, पण मनात असते. पूर्वी ससा, रानडुक्कर, मोर यांचे मांस हा आहाराचा भाग होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि तो मार्ग बंद झाला आहे. जे बंद झाले त्याची जागा कोंबडी आणि मासा यांनी भरली नाही, तर ताट रिकामेच राहते. लाल मुंग्यांची चटणी मात्र अजून खाल्ली जाते आणि शहरातले लोक तिला हसतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुंगी असो की मासा, त्यातली प्रथिने शरीराला सारखीच उपयोगी पडतात.

एक गैरसमज येथेच दूर करतो. प्राणिजन्य अन्न हवे म्हणजे भरपूर मांस हवे असे नाही. पोळ्याला-दिवाळीला शेरभर मटण खाऊन मधले तीन महिने मीठ-भात, याने काही साधत नाही. चंद्रपूर-बल्लारपूरसारख्या शहरांत तेलकट रस्सा रोज खाणाऱ्यांना तर त्याचा अपायच होतो. आठवड्यातून तीन-चार वेळा थोडे, पण नेमाने, हे बरे. वाळवलेले झिंगे-सुकट मूठभर वरणात टाकले तरी चालते. त्यात मीठ फार असते एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी जेवणारीचे ताट

गाभण गाईला आपण शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पेंड वाढवतो. कोणी सांगावे लागत नाही. घरातली सून मात्र पोटुशी असताना सर्वांच्या मागून जेवते, आणि पातेल्यात तोपर्यंत रस्सा उरलेला असतो, त्यातली फोड उरलेली नसते. काही घरांत तर 'जास्त खाल्ले की मूल मोठे होते, बाळंतपण अडते' म्हणून मुद्दाम कमी खाऊ घालतात. अंडे उष्ण, मासा वातुळ, असे म्हणून तेही बंद. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले आणि जगाने ते घेतले. अशा काळजीने लहान बाळ वाचते. पण बाळ कमी वजनाचे जन्मू नये यासाठीचे काम नऊ महिने आधी आईच्या ताटात करावे लागते. शासनाच्या अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण देण्याची सोय झाली. तेथे जेवली म्हणून घरचे जेवण तोडू नये.

रक्तवाढीसाठी लोह लागते. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९. हिरव्या भाजीत, डाळीत लोह असते, पण त्यातले शंभरात दोन ते दहा भागच अंगी लागतात. मासे-मांसातले त्याहून दुप्पट-तिप्पट लागते आणि सोबतच्या भाजीतलेही ओढून घेते. ज्यांच्याकडे मांसाहार नाही त्यांनी भाजीवर लिंबू पिळावे, जेवणात आवळा किंवा पेरू ठेवावा, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये, कारण चहा लोहाला अडवतो.

तरीही रक्त वाढत नसेल तर नुसत्या गोळ्या वाढवू नका. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. त्यातले रक्त कमी होणे हे लोहाच्या कमतरतेने होतेच असे नाही, म्हणून आधी तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. हिवतापाने रक्त जाते. आणि चिखलणी-रोवणीत अनवाणी पायांतून शिरणारे आकडेकृमी आतड्यात बसून रोज रक्त पितात. १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेत मुलांना गोळी चुकवू नका. उघड्यावरचा शौच बंद झाल्याशिवाय बांधीतला हा कृमी संपणार नाही.

मुलांच्या बाबतीत पोटाचे माप लक्षात घ्या. पहिले सहा महिने आईचे दूध पुरे, सुरुवातीचा चीकही पाजावा, तो टाकू नये. त्यानंतर दोन-अडीच वर्षांच्या मुलाला दिवसाला हजार उष्मांक लागतात. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश पाणीच असते. नुसत्या भाताने हजार उष्मांक भरायचे तर जवळजवळ पाऊण-एक किलो भात त्या चिमुकल्या पोटात गेला पाहिजे. तो जाणार नाही. म्हणून दर घासात चमचाभर तेल, घट्ट वरण, कुस्करलेले अंडे किंवा काटे काढून कुस्करलेला मासा हवा, आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवायला हवे. अंगणवाडीत अंडे मिळत असेल तर ते मुलाने तेथेच खाल्ले की नाही हे बघा. घरी आणलेले अंडे चार भावंडांत वाटले जाते.

रानभाज्यांबद्दल बोलायला मला एक दिवस हवा. तरोटा, अंबाडी, कुड्याची फुले, काटवल, धोपा, वास्ते, पावसाळ्यातले टेकोडे. टेकोडे ओळखीचेच आणावेत, ओळख नसलेल्या भूछत्राने घरेच्या घरे आजारी पडतात. मोहफुले गोड आणि शक्ती देणारी आहेत, पण त्यांत प्रथिने थोडी. चारोळीत प्रथिने आणि तेल दोन्ही आहे, तरी ती आपण सगळी विकतो. हे सगळे जंगलातून आणताना ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, त्यात मोह वेचणाऱ्या आणि सरपण आणणाऱ्या बायका आहेत. जे अंगणात लावता येते त्यासाठी तरी रानात पाऊल टाकावे लागू नये.

त्यातला पहिला मान मुनग्याला. शेंगा आपण खातो, पाने मात्र झडू देतो. पानांत चुना, लोह आणि अ-जीवनसत्त्व देणारे द्रव्य भरपूर असते. पाने सावलीत वाळवून भुकटी केली तर वर्षभर मुलांच्या वरणात चमचाभर टाकता येते. मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फुटांची फांदी पहिल्या पावसानंतर न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, पाणी साचणार नाही अशा जागी, हातभर खोल रोवावी. वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा लावावा. झाड कमरेच्या वर गेले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या खाली फुटतात आणि पाने बाईच्या हाताशी येतात. बाहेरच्या टेबलाजवळ फांद्या ठेवल्या आहेत, जाताना प्रत्येकाने एक न्यावी.